मोहितेबाईंच्या अर्ध्या विजारी

मोहितेबाई दुकानाची पायरी चढताना दिसल्या की महाद्वार रोडवरचा एक कापडवाला आधी पाण्याचा तांब्या गादीमागे सरकवायचा. त्याला एकदा अनुभव आला होता. बाईंनी खाकी ड्रिलच्या जाड कापडाचा कोपरा चुरगाळून बघितला, उजेडात धरला, तिरका ओढला आणि चोरी करत असल्यासारखा चेहरा करून बारीक आवाजात विचारलं, "जरा पाणी मिळंल का?" त्या बिचाऱ्याला वाटलं, बाईंना तहान लागली. त्यानं तांब्या पुढे केला, आणि बाईंनी तो सरळ त्याच्या नव्याकोऱ्या ताग्याच्या टोकावर ओतला. ओलं कापड दोन्ही मुठींत धरून पिळलं, ताणलं, आणि "वाळल्यावर बघायला येतो उद्या" असं सांगून त्या खाली उतरल्या. मी बरोबर होते. अशा वेळी आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवायची माझी एक पद्धत होती. मी शेजारच्या दुकानातल्या बांगड्या बघत उभी राहायचे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. मी मिरजेहून नव्यानं कोल्हापूरला आले होते, मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवायला. शिवाजी पेठेतल्या एका बोळात माडीवरची खोली घेतली होती. शिक्षकखोलीत माझी खुर्ची मोहितेबाईंच्या शेजारी होती. त्या शारीरिक शिक्षण शिकवायच्या. उंच, सडपातळ, घट्ट अंबाडा, आणि कुणीतरी मागून हाक मारणार आहे असं वाटत असल्यासारखी मान किंचित वळलेली. कोल्हापुरात बायकासुद्धा स्वतःबद्दल "मी आलो, मी गेलो" म्हणतात हे मला त्यांच्यामुळे कळलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी जरा खिडकी लावून येतो," आणि मी दचकून त्यांच्याकडे बघत राहिले.

खिडकी लावणं हा त्यांचा धर्म होता. वारा आला तर काच फुटेल, काच फुटली तर मुलीच्या पायात जाईल, पाय चिघळेल. खिडकी लावली की मुलींना हवा मिळणार नाही, घेरी येईल, म्हणून त्या ती परत उघडायच्या. त्यांचे यजमान वारणानगरला साखर कारखान्यात होते, रविवारी यायचे. शनिवारपासूनच बाईंच्या डोळ्यांपुढे एसटी घाटावरून खाली जायची. वारणानगरच्या वाटेवर घाट नाही असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाल्या, "म्हणून तर. ड्रायव्हर गाफील ऱ्हातो." इतक्या भित्र्या बाईनं मुलींना खेळ शिकवायचे म्हणजे काय होत असेल, याची मला गंमत वाटायची. लंगडीच्या तासाला त्या मैदानावरचे खडे वेचून पदरात घेऊन फिरायच्या.

आणि याच बाई मुलींना लाठी शिकवत होत्या.

लाठी, फरी-गदगा म्हणजे ढाल-काठीचा खेळ, पुढे जमलं तर दांडपट्टा. त्यांचे वडील पेठेतले जुने वस्ताद. मर्दानी खेळाचा त्यांचा आखाडा होता आणि बाई लहानपणी तिथंच शिकल्या होत्या. शाळा भरायच्या आधी, सकाळी, मागच्या आवारात त्यांचा वर्ग चालायचा. मुली परकर खोचून यायच्या. एकदा लाठी फिरवताना टोक परकराच्या चुण्यांत अडकलं, एक मुलगी तोंडावर पडली आणि कपाळाला खोक पडली. दुसऱ्या दिवशी मोहितेबाई मुख्याध्यापिकांपुढे उभ्या राहिल्या. मुलींना गुडघ्यापर्यंतच्या विजारी शिवू द्या, नाहीतर हा वर्ग मला चालवता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. सांगताना त्या दोनदा दाराकडे वळल्या, पण वाक्य त्यांनी पुरं केलं.

त्या काळात पेठेत मोठ्या मुलींनी पोटऱ्या उघड्या टाकून चारचौघांत नाचायचं म्हणजे काय, हे आज सांगून कळणार नाही. मुख्याध्यापिका समंजस होत्या. त्यांनी वर्षभराची परवानगी दिली, पण एक अट घातली. संमेलनात सगळ्या पेठेसमोर खेळ दाखवायचा आणि एकाही पालकाची तक्रार येता कामा नये. आली तर वर्ग बंद. मुख्याध्यापिका त्या कपड्याला "क्रीडावेश" म्हणायच्या, पालक सरळ "चड्डी" म्हणायचे, आणि मोहितेबाई नुसतं "ते". "ते कसं शिवायचं, कशाचं शिवायचं, ते उसवलं तर?" त्यांच्या आधीच्या सगळ्या काळज्या या एका काळजीत जाऊन बसल्या.

कापडाचा शोध दिवाळीपर्यंत चालला. मांजरपाट घामानं पारदर्शक दिसतं, म्हणून बाद. पॉपलीन मऊ, पण गुडघ्यावर टिकत नाही. तेवढ्यात शाळेच्या मंडळातल्या एका गृहस्थांनी आपल्या दुकानातलं निळं टेरिकॉट फुकट देऊ केलं. टेरिकॉटचं तेव्हा वेड होतं, मुख्याध्यापिकांचे डोळे चमकले. मोहितेबाईंनी तुकडा घरी नेला, त्याची पिशवीसारखी विजार टाचली, घालून अंगण झाडलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन नको म्हणून सांगितलं. घाम पीत नाही, मांडीला चिकटतं, मुलगी पाय टाकायच्या आधी कापड सोडवत बसेल. गृहस्थ रागावले. फुकटचं नको म्हणणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार. बाई शिक्षकखोलीत येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि पुटपुटल्या, "आता माझी नोकरी जाणार." ती काही गेली नाही, पण महिनाभर त्या रोज सकाळी नोकरी आहे ना, असा चेहरा करून फाटकातून आत यायच्या.

शेवटी खाकी ड्रिलच ठरलं, त्या पाण्यात भिजलेल्या ताग्यातलं. शिवायला दस्तगीर टेलर. तो तालमीतल्या पैलवानांच्या चड्ड्या शिवायचा. मुलींची मापं तो घेणार नव्हता आणि बाई घेऊ देणार नव्हत्या. त्या मापं घेऊन जायच्या आणि दोघं दुकानाच्या फळीवर भांडायचे. दोन पायांच्या मध्ये चौकोनी तुकडा घालायचा, म्हणजे पाय फाकवला तरी शिवणीवर ताण येत नाही. दस्तगीर त्याला मियानी म्हणायचा. तो तुकडा केवढा घालायचा यावर त्यांचं जुंपलं. दस्तगीर म्हणाला, "बाई, ह्यात म्हस बसली तरी उसवायचं न्हाय." बाई म्हणाल्या, "म्हस पवित्रा घेत न्हाय."

पहिली विजार तयार झाली तेव्हा त्यांनी मला शाळा सुटल्यावर खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं आणि दार आतून लावून घेतलं. म्हणाल्या, "तुमी भिंतीकडं तोंड करा." मी केलं. वळले तेव्हा चाळिशीच्या मोहितेबाई खाकी अर्धी विजार आणि वर पोलकं अशा उभ्या होत्या. मला हसू येणार होतं, तेवढ्यात त्या खाली बसल्या. उकिडवं, मग मांडी, मग एक पाय पुढे टाकून जमिनीलगत. "आधी बसून बघायचं," त्या म्हणाल्या. "हुभ्यानं सगळंच बरं दिसतंय." हे त्यांचं वाक्य मी पुढे किती गोष्टींबद्दल ऐकलं असेल, खुर्चीबद्दल, भाड्याच्या खोलीबद्दल, माझ्यासाठी आलेल्या एका स्थळाबद्दलसुद्धा.

मग त्यांनी कोपऱ्यातली लाठी उचलली.

त्या एवढ्याशा खोलीत, लेझमींच्या आणि उड्या मारायच्या दोऱ्यांच्या ढिगामध्ये, लाठी त्यांच्या भोवती फिरायला लागली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. तिचा वारा माझ्या तोंडाला लागत होता. कुठेही लागलं नाही, काही पडलं नाही. मला आठवतो तो त्यांचा चेहरा. तो मी आधी कधी पाहिला नव्हता. कपाळावरची आठी गेली होती, मान सरळ होती. मला तेव्हा त्या बाईंचा हेवा वाटला, हे स्पष्ट सांगते.

थांबल्या तेव्हा धापा टाकत होत्या. सामानाच्या पेटीवर बसल्या आणि आपण होऊन बोलल्या. चौदाव्या वर्षापर्यंत वडील त्यांना रोज पहाटे हाक मारायचे, "सुशे, चल." पोरांच्या बरोबरीनं शिकवायचे. बाई भावाची जुनी चड्डी घालून खेळायच्या. एका उत्सवात चौकात खेळ होता. त्यांनी खाली बसून पट्टा फिरवला आणि जुनं कापड मागून फाटलं. लोक हसले. वडील रागावले नाहीत, मारलं नाही, घरी त्याविषयी कुणी शब्द काढला नाही.

"दुसऱ्या दिवशी मी जागाच हुतो," बाई म्हणाल्या. "त्यांनी भावाला हाक मारली. मला मारली न्हाय."

एवढंच बोलून त्या उठल्या, आणि मला परत भिंतीकडे तोंड करायला सांगितलं.

संमेलनाच्या आदल्या दिवशी सगळ्या विजारी आल्या. मुलींनी घालून, बसून, उड्या मारून बघितल्या. सगळं ठीक होतं. दस्तगीरचं काम पक्कं होतं. तिथंच बाईंनी थांबायला हवं होतं. पण काळजीला काम हवं असतं. त्या सगळ्या विजारी गठ्ठा बांधून घरी घेऊन गेल्या आणि प्रत्येकीच्या मियानीभोवती स्वतःच्या हातानं आणखी एक टीप घातली. साध्या सुईदोऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता. पोती शिवायचं दाभण घेतलं, दोरा मेणात ओढून जाड केला. सकाळी बोटं सुजलेली होती, पण चेहरा जरा शांत होता. वेळ नव्हता, मुली घाईनं तयार झाल्या. त्या दिवशी कुणी बसून बघितलं नाही.

मैदान भरलं होतं. भिंतीवर पोरं चढून बसली होती. पुढच्या रांगेत कमल जाधवचे वडील होते, पेठेत त्यांचा छोटा छापखाना होता. संमेलनाची पत्रिका त्यांनीच छापली होती. कमल वर्गात सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत चांगली. तिचा पवित्रा सगळ्यांत खाली जायचा. हलगी सुरू झाली, मुली मातीला हात लावून उभ्या राहिल्या, लाठ्या फिरू लागल्या आणि भिंतीवरची पोरंसुद्धा गप्प झाली. मला वाटलं, जमलं. मी मोहितेबाईंकडे बघून मान हलवली. त्या ओठ चावून मुलींच्या पायांकडे बघत होत्या.

कमल खाली बसली आणि कापड टरकल्याचा आवाज हलगीच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पार पुढच्या रांगेपर्यंत ऐकू आला. शिवण सुटली नव्हती. दाभणानं पाडलेल्या भोकांच्या रांगेवरून कापडच फाटत गेलं होतं.

भिंतीवरून शिट्टी आली, मग हसू. कमलनं लाठी जमिनीवर ठेवली, फेकली नाही. दोन्ही हात मागे घेतले आणि मागे मागे चालत ती शाळेच्या भिंतीला जाऊन टेकली. मोहितेबाई जागच्या हलल्या नाहीत. मी त्यांना दंडाला धरून हलवलं, तरी नाही. शेवटी चित्रकलेच्या बाई आपली शाल घेऊन धावल्या.

जाधव पुढच्या रांगेतून उठले. मुलीला घेऊन गेले. मुख्याध्यापिकांनी मोहितेबाईंना बोलावून सांगितलं की अजून तक्रार आलेली नाही, पण बाकीचे पालक जाधवांकडे बघताहेत. कमल आली तर सगळ्या येतील. कमल नाही आली तर वर्ग आपोआप बंद झाला असं समजा. फाटलेली विजार कमलच्याच अंगावर गेली होती. बाकीच्या विजारी बाई दस्तगीरकडे घेऊन गेल्या. त्यानं दोरा बघितला, भोकं बघितली आणि हळूच म्हणाला, "बाई, चाळण केली की वो तुमी." एरवी भांडणारा माणूस, पण त्यानं सरळ कात्री उचलली. सगळ्या मियान्या उसवून त्यानं नव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमल लाठीच्या वर्गाला आली नाही. शाळेलाही नाही. तिसऱ्या दिवशी शाळेला आली आणि मान खाली घालून बसली, पण लाठीच्या वर्गाला नाही. माझी खोली ज्या बोळात होती त्याच बोळात, चार घरं सोडून जाधवांचं घर. त्यानंतरच्या सकाळी मी खिडकीत केस विंचरत होते, तेव्हा खाली मोहितेबाई दिसल्या. खांद्याला कापडी पिशवी, हातात छत्री, आभाळ स्वच्छ. त्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांना बघितलं. जाधवांच्या दारासमोर थांबल्या, ओठांवरून जीभ फिरवली. परत निघाल्या. पुन्हा फिरल्या.

"कमल. ए कमल, चल गं."

आवाज फुटका होता. वरची खिडकी उघडली नाही. बाई थोडा वेळ थांबल्या आणि शाळेकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. शेजारपाजारच्या बायका त्या हाकेवर चुली पेटवायला लागल्या. पोरं नक्कल करायची, "कमल, चल गं." बाईंना ते ऐकू जायचं आणि कान लाल व्हायचे. शिक्षकखोलीत मी म्हटलं, एकदा आत जाऊन त्यांच्याशी नीट बोला ना. त्या म्हणाल्या, "बोलायला जमायचं न्हाय मला. हाक मारायला जमतंय." त्यांचं वजन उतरलं होतं. रविवारी यजमान आले ते चिडून गेले, की बायकोनं पेठेत हसू करून घेतलंय. मलाही मनातून वाटत होतं, आता पुरे. रोज सकाळी त्या येण्याच्या वेळेला मी आधी बोळात कोण कोण आहे ते बघून घ्यायचे.

एक दिवस जाधव खाली आले. बनियनवर, हाताला शाई. मी खिडकीतून मागे सरले, पण ऐकू सगळं येत होतं.

"बाई, लोक हसत्यात. रोज दारात येऊन वरडू नका."

बाईंच्या चपला मागे सरकल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांचा आवाज आला, हळू, पण तुटला नाही.

"चूक माझी हाय. टीप मी घातली. तुमच्या पोरीचं काय चुकलं न्हाय. तिला यायचं नसलं तर तिनं न्हाय म्हणावं, मी उद्यापास्नं येत न्हाय. पर हाक मी मारणार. माझ्या वडलांनी मला हाक मारली न्हाय, जाधव. मी अजून वाट बघतोय."

मी पुन्हा डोकावले, जाधव तसेच उभे होते. शाईचे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. "पोरगी रडत्या," ते म्हणाले आणि आत गेले. दार मात्र त्यांनी लावलं नाही.

पुढच्या सकाळी बाई आल्या, हाक मारली. त्या दिवशी दार आधीच उघडं होतं, त्यातून कमलची आई बाहेर आली. हातात घडी केलेली खाकी विजार. "धुऊन ठिवलंय," ती म्हणाली. "तेवढं शिवून द्या म्हंत्या." बाईंनी ती विजार दोन्ही हातांनी घेतली आणि पिशवीत घातली. छत्री तिथंच पायरीवर विसरून गेल्या. मी त्यांना छत्री विसरताना तेवढं एकदाच पाहिलं.

कमल परत आली त्या सकाळी मी मुद्दाम लवकर शाळेत गेले. ती दाराआडून विजार घालून बाहेर आली आणि उभी राहिली. बाकीच्या मुलींनी लाठ्या खाली केल्या. मोहितेबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. "आधी बसून बघ," त्या म्हणाल्या. कमल बघतच राहिली त्यांच्याकडे. मग बसली, हळूहळू, डोळे मिटून, पार खाली. काही आवाज आला नाही. तशीच थोडा वेळ बसून राहिली आणि मग तिनं लाठीसाठी हात पुढे केला.

तो वर्ग चालला. लग्नानंतर मी शिरोळला गेले, नोकरी तिकडच्या शाळेत लागली, कोल्हापूर तुटलं. बाईंची पत्रं यायची. कृष्णेला पूर आल्याच्या बातमीनं आधी घाबरलेली, मग पूर ओसरल्यावर रोगराईला घाबरलेली. त्या निवृत्त झाल्याचं कळलं. सकाळचा वर्ग शाळेनं त्यांच्याकडेच ठेवला होता. यजमानही निवृत्त होऊन घरी आले होते, म्हणजे एसटीची एक काळजी कमी झाली असं मी त्यांना लिहिलं. उत्तरात त्यांनी कळवलं की ते आता सायकल चालवतात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. एका लग्नासाठी मी कोल्हापुरात मुक्कामाला होते. सकाळी दूध आणायला म्हणून पेठेतून चालले होते, तर एका बोळाच्या तोंडाशी ओळखीची पाठ दिसली. अंबाडा पांढरा झाला होता. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यातून खाकी कापडाची एक कड बाहेर आलेली. काखेत छत्री. समोर एक बंद दार.

मी हाक मारणार होते. पण त्यांनी बोळाच्या दोन्ही टोकांना बघितलं, ओठांवरून जीभ फिरवली, आणि मी थांबले. इतक्या वर्षांनी, एवढ्या मुलींनंतरही त्यांना तितकीच भीती वाटत होती.

"सुनंदा. ए सुनंदा, चल गं."

वरची खिडकी उघडली. एका पुरुषानं वाकून खाली बघितलं आणि खिडकी लावून घेतली. बाईंनी मान वर करून त्या बंद खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या निघतील. त्यांनी पदरानं दारापुढची पायरी झाडली, छत्री शेजारी उभी केली आणि पायरीवर बसल्या.